विषय: होम ऑफिस आणि देवघर (अर्जंट)

वहिनी (सध्या राजारामपुरी):
मंडळी, घाईत लिहितेय, सीए फोन उचलत नाही आणि अमेरिकेतलं टॅक्स फाइलिंग तोंडावर आलंय. नेहमीप्रमाणे शेड्यूल सी (स्वतःच्या धंद्याच्या कमाईचा फॉर्म), त्यात होम ऑफिसची, म्हणजे घरातल्या कामाच्या जागेची वजावट साध्या पद्धतीनं, चौरस फुटाला ५ डॉलर. न्यू जर्सीची माझी खोली तुम्ही बघितलीच आहे, १२ बाय १५. यंदा सीएच्या असिस्टंटनं विचारलं, खोलीत अजून काय आहे? कोपऱ्यात देवघर आहे की. त्यात गेल्या वर्षी मे ते सप्टेंबर मी इथं कोल्हापुरात होते, काम चालूच होतं. पूर्ण १८० चौरस फुटांचे ९०० डॉलर लावू का नको?

तात्या:
अगं, देव्हाऱ्याची जागा वजा कर आणि सोड. ऑफिसची जागा फक्त कामासाठी आणि नेहमी वापरातली पाहिजे, मधे भिंत नसली तरी चालतं, वेगळी दाखवता आली म्हणजे झालं. ३ बाय ४ काढ, राहिले १६८.

पिंट्या:
तात्या, ३ बाय ४ मधे नुसता देव्हारा बसतोय, माणूस कुठं बसणार? आमची आई पाट, समई, फुलांची परडी घेऊन बसली की निम्मी खोली तिची, आरती होईस्तोवर मी लॅपटॉप घेऊन जिन्यात. मग मला पण हे होम ऑफिस मिळंल काय?

काकी (खजिनदार):
पिंट्या, तू नोकरीवाला. डब्ल्यू-टूवाल्यांचं, म्हणजे पगारदारांचं, हे २०१८ पासून बंद आहे, दर जानेवारीत पीडीएफ पाठवते ती कुणी उघडत नाही. आणि तात्या, हिशेब अर्धाच सोडलात. ज्या महिन्यात खोली १५ दिवसांपेक्षा कमी वापरली तो महिना शून्य धरायचा. मे ते सप्टेंबर गेले, उरले ७. १६८ गुणिले ७ भागिले १२, म्हणजे ९८ चौरस फूट, ४९० डॉलर.

वहिनी:
अर्ध्यावर आलं की हो! मग इथली माडीवरची खोली धरू का? तिथं देव नाहीत, नुसती जुनी ट्रंक आहे.

तात्या:
सासऱ्यांचं घर, भाडं तू देत नाहीस, खर्च दाखवणार कुठला? त्यापेक्षा तिकडच्या घराचा फॉर्म ८८२९ भर, त्यात वजावट खऱ्या खर्चावर काढतात, जास्त निघेल.

काकी:
आणि त्यात घराचा जो घसारा धरतात, तो घर विकताना परत मोजतात, त्यावर २५ टक्क्यांपर्यंत टॅक्स, ते कोण सांगणार? साध्या पद्धतीत घसाराच नाही. ती पण वर्षाला एकाच घराला, त्यामुळं माडी विसर. इथल्या इंटरनेटचं बिल तू भरत असशील तर कामापुरता भाग शेड्यूल सी वर वेगळा लाव, त्याला होम ऑफिस लागत नाही.

पिंट्या:
वहिनी, ट्रंक सासूबाईंची काय? आमच्यात पण तसलीच आहे, किल्ली कुणालाच सापडत नाही. बरं, येताना कांदा-लसूण मसाला आणताय न्हवं?

काकी:
मसाल्याची यादी माझ्याकडं आहे. त्याचा मेल वेगळा काढा, इथं नको.