शब्दचर्चा : डॅनिश ‘हॉय’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : डॅनिशमध्ये ‘हॉय’ म्हणजे उंच, आणि उंचवटाही. डेन्मार्कमधल्या एग्त्वेड गावाजवळच्या कांस्ययुगीन हॉयमध्ये 1921 साली एका मुलीची, ओकच्या खोडाची शवपेटी सापडली, झाड इ.स.पू. 1370च्या उन्हाळ्यात तोडलेले. या हॉयला टेकडी म्हणावे, की थडगे?

– टेकडी नको, ती निसर्गाची. हॉय हाताने रचलेला असतो : गवत मुळांसकट कापून ते मातीचे तुकडे, बहुधा गवताची बाजू खाली ठेवून, थरावर थर. थडगे म्हटले की चुन्या-दगडाचा चौथरा डोळ्यांपुढे येतो. समाधीलाही बांधकाम आणि पूज्यभाव चिकटलेला आहे.

– पांढरीचे टेकाड?

– अजिबात नाही. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची जागा, ती राहण्यातून वाढते : पडक्या भिंती, राख, खापरे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत घरांच्या जमिनीखाली मुलांना रांजणांत पुरले आहे, म्हणून ती वसाहत दफनभूमी ठरत नाही. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती रचलेली दगडांची कडी, अर्थाने जवळची, पण तो शब्द दगडांच्या कड्याला धरून आहे. हॉयच्या पायथ्याशी कधी तसे कडे असते, तरी मुख्य गोष्ट मातीचा ढीग. मी ‘दफनटेकाड’ लिहीन.

– पण त्याच पेटीत पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या जळालेल्या अस्थीही होत्या. मग ‘दफन’ कसे?

– दहन आधी झाले, अस्थी पुरल्याच ना? शब्द टिकतो. याच पेटीतल्या मुलीच्या वस्त्राला मात्र ‘परकर’ लिहू नका. ते लोकरी दोऱ्यांचे, जेमतेम 38 सेंटिमीटर लांबीचे, कमरेभोवती दोन वेढे घेतलेले. ‘दोऱ्यांचे आखूड नेसू’ बरे.

– टेकाडाच्या पोटातल्या कठीण थराला काय म्हणायचे?

– ‘लोहथर’. ओल्या गाभ्यात प्राणवायू संपला की मातीतले लोह विरघळते आणि गाभ्याच्या कडेला, हवा लागते तिथे, साकळून घट्ट होते. आत पाणी कोंडते, कुजणे थांबते. आम्लामुळे न जळालेली हाडे विरघळतात. केस, नखे, लोकर राहते. खणताना थर फुटला की पाणी निचरते, हवा शिरते आणि कुजणे पुन्हा सुरू होते. म्हणून ‘कवच’ हा शब्द मोहक असला तरी टाळावा : कवच मुद्दाम घालतात, हा थर आपसूक धरतो.