परळ, भाड्याचं घर, महिना ६०० च्या आत: प्रीपेड इंटरनेट कुठलं घ्यावं?

तिसरा_मजला:
नमस्कार. परळ गावात जुनी चारमजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लीव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा, त्यातले ९ उरलेत. माणसं चार. मुलीची कॉलेजची लेक्चर्स ऑनलाइन असतात, माझ्या आठवड्यात दोन-तीन व्हिडिओ मीटिंगा, संध्याकाळी टीव्हीवर एचडी, बाकी मोबाइल. सगळं धरून महिन्याला ६०० रुपयांच्या वर जायचं नाही. पोस्टपेड नको, बिल आणि दंडाची कटकट नको.

समोर तीन पर्याय आहेत. केबलवाला ४५० रुपयांत ५० एमबीपीएस देतो म्हणतो, पण तीन महिन्यांचे एकदम मागतो. मोठ्या कंपनीचं फायबर ३९९ ला आहे, ३० एमबीपीएस. तिसरं खिडकीत अँटेना लावून मिळणारं फाइव्ह-जीचं, ५९९ चं. घरमालकाला भिंतीला भोक पाडलेलं चालणार नाही. मीटिंग मध्येच तुटू नये एवढीच मुख्य अपेक्षा आहे. घेण्याआधी काय काय तपासावं?

ड्रॉपवायर:
आधी पैशांचं. पत्रकावरच्या दरावर बहुतेक वेळा १८ टक्के जीएसटी चढायचा असतो. ३९९ चे हातात ४७१ होतात, ४९९ चे ५८९, ५९९ चे ७०७. म्हणजे अँटेनावालं तुमच्या ६०० मधून तिथेच बाद. केबलवाल्याला मात्र स्पष्ट विचारा: ४५० मध्ये जीएसटी धरलाय का, आणि पावती कंपनीच्या नावाची मिळणार का?

स्पीडचं ओझं घेऊ नका. एचडी टीव्हीला ५ एमबीपीएस, एका व्हिडिओ कॉलला ३-४, फोरके टीव्हीला १५ लागतात. तुमच्या घरी टीव्ही, लेक्चर आणि मीटिंग एकाच वेळी चालू असली तरी गाडी १५ च्या आसपास थांबते. ३० खऱ्या मिळाल्या तर पुष्कळ आहेत. मीटिंग तुटते ती लाइन मधेच पडल्याने किंवा वाय-फाय अडखळल्याने, ५० च्या जागी ३० घेतल्याने नाही.

म्हणून योजना नंतर बघा. आधी जिन्यात जा आणि तुमच्या मजल्यापर्यंत नेमकी कुठली तार येते ते बघा. मुंबईत केबलवाल्यांकडे दोन प्रकार चालतात. एकात काचेचं फायबर थेट घरातल्या डब्यापर्यंत येतं. त्या डब्याला ओएनटी म्हणतात, आणि त्यावर पॉन आणि लॉस (सिग्नल गेला की लाल पेटणारा) असे दिवे असतात. दुसऱ्यात फायबर गच्चीवर किंवा जिन्यातल्या पेटीपर्यंतच येतं, तिथे एक स्विच (एक लाइन अनेक घरांत वाटणारा विजेवरचा डबा) बसवलेला असतो आणि तिथून निळी किंवा करडी लॅनची तार तुमच्या घरात. जाहिरातीत दोघांनाही ‘फायबर’च म्हणतात.

फरक पावसाळ्यात कळतो. जिन्यातल्या स्विचला वीज लागते. ती कॉमन मीटरवरून घेतलेली असते, नाहीतर कुणाच्या तरी घरातून. ती गेली की तुमच्या घरात दिवे असूनही नेट बंद. पेटीत पाणी शिरलं की पोर्ट गंजतात. वीज कडाडली तर तांब्याच्या तारेतून झटका थेट राउटरच्या पोर्टपर्यंत येतो. फायबरच्या वाटेवर इमारतीत बसवलेला स्प्लिटर (फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग) विजेशिवाय चालतो आणि काचेतून करंट वाहत नाही. तुमच्या घरात १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस असला, तर फायबरवर वीज गेल्यावरही दोन-तीन तास मीटिंग चालते. लॅनच्या तारेवर याची खात्री नाही.

तेव्हा केबलवाल्याला एवढंच विचारा: घरात ओएनटी बसणार की लॅनची तार येणार? ओएनटी म्हणाला तर त्याचा विचार करा. लॅन म्हणाला तर ३९९ वालं बरं.

चॅनल_अकरा:
ड्रॉपवायर यांनी तारेचं सांगितलं, मी घराच्या आतलं सांगतो, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच निघतं.

जुन्या परळच्या इमारतींच्या भिंती जाड असतात. वाय-फायचे दोन बँड असतात: ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल एका जाड भिंतीत बराच मरतो, २.४ चा पुढे जातो. पण २.४ वर आजूबाजूच्या वीस-पंचवीस घरांचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ काढून मोबाइलवरच्या वाय-फाय अ‍ॅनालायझरमध्ये यातलं सगळ्यात मोकळं बघा आणि तेच लावा. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की आकडा वाढलेला दिसतो, पण गर्दीत पाकिटं (डेटाचे तुकडे) जास्त हरवतात आणि कॉलमध्ये आवाज तुटतो.

फुकट मिळणारा राउटर सिंगल बँड आहे का, हे बसवायच्या आधी विचारा. सिंगल बँड म्हणजे फक्त २.४. डब्यावर ‘३००’ छापलेलं असलं तरी दाट वस्तीत ४०-५० च्या वर क्वचितच मिळतं. आणखी एक: लॅनचं पोर्ट फास्ट इथरनेटचं असेल तर तार लावूनही ९४-९५ च्या वर जाणार नाही. ३० च्या योजनेला दोन्ही चालतात, पुढे २०० घ्यायची झाली तर दोन्ही नडतात.

राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजशेजारी नको. दोन खोल्यांच्या मधल्या दाराच्या चौकटीच्या वर, उघड्यावर ठेवा. मीटिंग जिथे बसून करता तिथे दहा मीटर लॅन केबल लॅपटॉपला लावा. कॅट फाइव्ह ई ची तार यासाठी पुरते.

सोसायटी_सेक्रेटरी:
भाडेकरूंसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. बारा महिन्यांची योजना स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. तुमचे ९ महिने उरलेत, पुढे करार नूतनीकरण झालं नाही तर उरलेले महिने दुसऱ्या घरी नेता येतीलच असं नाही. नव्या पत्त्यावर त्या कंपनीचं फायबर असलं तरच शिफ्टिंग होतं. मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी घरच्या इंटरनेटला नाही. पहिला महिना एकच महिना घ्या, सगळं नीट चाललं तर मग तीन.

दुसरं, मुदतीचा हिशेब. ३० दिवसांची मुदत म्हणजे १२ रिचार्जमध्ये ३६० दिवस. २८ दिवसांची असेल तर वर्षाला १३ रिचार्ज. केबलवाल्याचे ४५० जर २८ दिवसांचे असतील तर वर्षाचे ५,८५० होतात, ५,४०० नाही. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही.

पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला करार आणि आधार पुरतं. सोसायटीकडून तार ओढायची परवानगी तुम्ही नाही, घरमालकानं मागायची. आमच्याकडे दोन ओळींचं पत्र चालतं. भोकाचा प्रश्न असेल तर आधीच्या केबलची किंवा एसीच्या पाइपची वाट वापरायला सांगा.

ड्रॉपवायर:
वरच्यात थोडी भर. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीच्या फटीतून तार आत घेऊ देऊ नका. खिडकी लावली की तारेतली काच चेपते, पहिले काही दिवस चालतं आणि मग लाल दिवा. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून घ्या. उरलेली तार गुंडाळून ठेवली तर गुंडाळी चहाच्या बशीहून लहान नको. घट्ट वळणात प्रकाश बाहेर सांडतो आणि सिग्नल पडतो.

बसवणारा आला की त्याच्यासमोरच आकडा बघा. त्याच्याकडे तारेतल्या प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर असतो, १४९० नॅनोमीटरवर ठेवून तार लावायला सांगा. आकडा डीबीएममध्ये, उणे चिन्हाचा येतो. उणे १५ ते उणे २३ छान. उणे २५ म्हणजे काठावर. उणे २७ च्या पलीकडे गेला तर ओएनटी चालू होईल, पण तार जरा हलली की सोडेल. असं असेल तर तिथल्या तिथे पुन्हा जोडून घ्या, नंतर चार दिवस कुणी येत नाही. काही ओएनटीच्या पानावरही ‘ऑप्टिकल’ नावाखाली हाच आकडा आरएक्स पॉवर म्हणून दिसतो.

जोडणीत सगळ्यात वाईट दोन चुका. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या टोकात घालणं: हिरव्याची काच ८ अंशांत तिरकी घासलेली असते, निळ्याची तशी नसते, त्यामुळे दोघांमध्ये फट राहते आणि सिग्नल कमी होतो. दुसरी, स्प्लायसिंग मशीन आणायचा कंटाळा करून चिमटीचा फास्ट कनेक्टर लावणं. सहा महिन्यांनी काच आत सरकते. मशीननं वितळवून जोडून द्या म्हणावं, मागितलं तर करून देतात.

आणि जिन्यातल्या शाफ्टमध्ये उंदीर असतील तर तार प्लास्टिकच्या पाइपातूनच घ्या.

तिसरा_मजला:
खूप आभार, सगळं नीट लिहून घेतलं. केबलवाल्याला विचारलं: ओएनटीच बसणार आहे, मुदत ३० दिवसांची, ४५० मध्ये जीएसटी धरलेला, पण तीन महिन्यांचेच पैसे घेणार म्हणतो. दुसरीकडे कंपनीच्या ३९९ ला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा आहे. ती पुरेल का? आणि तक्रार कुठे करायची?

चॅनल_अकरा:
३३०० जीबी म्हणजे दिवसाला ११० जीबी. एचडी टीव्ही तासाला साधारण ३ जीबी खातो. रोज सहा तास धरले तरी १८. चौघांचे मोबाइल घातले तरी तुम्ही तिथे पोचणार नाही. अनलिमिटेड की ३३०० या वादात वेळ घालवू नका. केबलवाल्याकडे मर्यादा कुठे लागते आणि नंतर स्पीड किती उरतो, एवढं विचारून घ्या.

त्यापेक्षा हे विचारा: कॅमेरा बाहेरून बघायचा आहे का, किंवा ऑफिसच्या सर्व्हरला ठरावीक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) लागतो का? स्वस्त योजनांत बरेचदा अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी वाटतात. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) रकान्यात १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यानचा पत्ता दिसला की समजा तसंच आहे. व्हिडिओ कॉल, बँक, टीव्ही यांना याचा त्रास नाही. ठरावीक आयपी हवा असेल तर वेगळे पैसे पडतात.

चाचणी रात्री ९ ते ११ मध्ये करा, लॅपटॉपला लॅन लावून. सकाळी ११ ची चाचणी काही सांगत नाही, कारण आख्खी इमारत तेव्हा कामावर असते. सोबत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला १०० पिंग (उत्तर किती वेळात येतं ते बघणारे छोटे संदेश) पाठवा. वेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास आणि एकही पाकीट हरवलं नाही, तर लाइन चांगली. शंभरात तीन-चार हरवत असतील तर स्पीड कितीही दिसो, मीटिंगमध्ये आवाज तुटणार. तारेवर सगळं नीट आणि वाय-फायवर तुटत असेल तर दोष घरात आहे, केबलवाल्याला बोलवू नका.

सोसायटी_सेक्रेटरी:
तक्रारीचं: कंपनीच्या नंबरवर नोंदवा आणि डॉकेट (तक्रारीचा) नंबर घ्या. नंबर नसेल तर पुढे तुमच्याकडे काहीच राहत नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, हे माहीत नसल्यानं बरेच जण तिथे पत्र लिहून थांबतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला करता येते.

केबलवाला हा मधला माणूस असतो, लाइन कुठल्या तरी कंपनीची असते. त्या कंपनीचं नाव आणि तुमचा ग्राहक क्रमांक त्याच्याकडून लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर स्वतः लॉग-इन करा. तिथे तुमचीच योजना आणि तुमचीच मुदत दिसायला हवी. रोख ५० एमबीपीएसचे घेऊन ४० चालू करणं, किंवा तीन महिन्यांचे घेऊन एकच महिना भरणं, हे दोन्ही तिथे लगेच उघडं पडतं. लाइन बंद राहिली तर तेवढे दिवस मुदतीत वाढवून मिळतात का, तेही आधीच ठरवा. प्रीपेडमध्ये पैसे आधीच गेलेले असतात, बिल अडवून धरण्याचा मार्ग उरत नाही.

तीन महिन्यांवर तो अडूनच बसला, तर निदान पहिला महिना सुटा द्या म्हणा. त्यालाही नाही म्हणाला तर मी ३९९ वालं घेईन.

ड्रॉपवायर:
मीही. शेवटी बसवून झाल्यावर त्याला तीन गोष्टी लिहून मागा: पीपीपीओईचं (राउटर कंपनीच्या लाइनवर लॉग-इन करतो ती पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (लाइनचा राउटरमध्ये भरायचा क्रमांक). स्वतःचा राउटर लावायची वेळ आली की यांच्याशिवाय तो चालू होत नाही. काही ठिकाणी जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाची ओळख) कनेक्शनला बांधलेला असतो, तो फोन करून सोडवून घ्यावा लागतो. ओएनटीच्या मागच्या सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, आणि घर सोडताना डबा परत दिल्याची पावती त्याच नंबरासह घ्या. डिपॉझिट त्यावरच परत मिळतं.