मदत हवी आहे: नागपुरात मुलींना सेव्हन्स रग्बी कोण शिकवतं?

नमस्कार मंडळी. माझी पुतणी, वय 15, मानकापूरच्या क्रीडा संकुलात 200 मीटर धावते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 15 जणांच्या रग्बीतला आंत्वान द्युपाँ सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, खेळून फ्रान्ससाठी सुवर्ण जिंकला, ते पाहिल्यापासून तिला एकच ध्यास लागलाय. 7-7 मिनिटांचे दोन डाव, अख्खं मैदान आणि सातच जणी! वेग तिच्याकडे आहे, पण टॅकल करायला (चेंडू घेऊन पळणारीला पकडून खाली पाडायला) आणि स्वतः नीट पडायला शिकवणारं माणूस हवं. चुकीचं पडली तर मान-खांदा दुखावेल, ही माझी खरी काळजी. नागपुरात असं कोणी आहे का? राज्य संघाच्या निवड चाचण्या कुठे कळतात? दहावीचं वर्ष, वहिनी धास्तावल्यात. पण पोरीचे पाय खरंच वेगवान आहेत हो. कोणी खेळलं असेल तर सविस्तर सांगा.