मदत हवी आहे: मामेबहिणीच्या हळदीला बार सांभाळायचा आहे

नवशिका_भाचा
मंडळी, नमस्कार. आजवर इथे नुसता वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मामेबहिणीची हळद मेमध्ये आहे, कर्जतच्या अलीकडे एका फार्महाऊसवर. पाऊणशे माणसं, त्यातली पिणारी तीसेक. मामाने परवा जेवताना जाहीर करून टाकलं, "बार भाचा बघेल." कारण काय, तर दिवाळीत मी ऑनलाइन शेकर मागवला होता हे त्याला आईकडून कळलं. त्या शेकरमध्ये मी आजवर एकूण चार कॉकटेल्स केलीत. चौथ्यात सोडाही आतच घालून हलवला. झाकण पंख्यापर्यंत गेलं आणि बाकीचा ऐवज कालनिर्णयवर. माझी पातळी लक्षात घ्या.

विचारायचं ते असं. तीस माणसांना किती माल लागेल? नवख्या माणसाला जमतील अशी दोन-तीन कॉकटेल्स कोणती? आणि खरं म्हणजे सगळ्यात आधी हे विचारायला हवं होतं: "भर रे अजून" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

गेल्या वर्षी एका साखरपुड्याला मी असाच ग्लास भरायला उभा होतो. माप नव्हतं, अंदाजाने ओतत गेलो. नात्यातले एक काका "तीनच तर झाले" म्हणत गाडी घेऊन निघाले. माझ्या हातचे तीन म्हणजे खरे सहा असणार. गेटच्या खांबाला गाडी घासली, लागलं कोणालाच नाही. सगळे हसले. मला अजून त्याचं हसू येत नाही.

शेकर_नव्हे_शंकर
मी मालवणचा. नऊ वर्षं क्रूझवर बारमागे काढली, आता गावात होमस्टे चालवतो. तुझ्या पोस्टमधलं "अंदाजाने" वाचलं आणि लिहायला बसलो.

उद्याच्या उद्या तीस-साठचं स्टीलचं पेग मेजर घे. एका बाजूला ३० मिली, दुसऱ्या बाजूला ६०. रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यात रोज दहा मिनिटं ओत. आधी डोळ्यांच्या अंदाजाने ग्लासात ३० ओत, मग ते मेजरमध्ये मोजून बघ. पहिल्या दिवशी ४५ भरेल. सगळ्यांचं भरतं. सिनेमात बाटली उंच धरून ओततात ते विसर. आम्ही बोटीवरसुद्धा मेजरशिवाय ओतत नव्हतो, आणि आमचं तर पोट त्यावर होतं.

आता शेकर. लिंबू, पाक, फळांचा रस असं काही असेल तर हलवायचं. नुसती दारूच दारूत मिसळायची असेल तर चमच्याने ढवळायचं. सोडा, टॉनिक, कोला, म्हणजे फसफसणारं काहीही, शेकरच्या बाहेर, थेट ग्लासात. हे तू कॅलेंडरच्या किमतीत शिकलास, स्वस्तात सुटलास.

शेकर दोन तृतीयांश बर्फाने भर आणि दहा-बारा सेकंद जोरात हलव. बाहेरून धातूवर दव जमलं, हाताला चटका बसेल इतका गार झाला की थांब. हलवताना बर्फ वितळून जे पाणी उतरतं तोही कॉकटेलचा भागच असतो, त्यानेच दारूची धार मोडते. म्हणून बर्फ वाचवायला जाऊ नकोस. कमी बर्फ लवकर वितळतो आणि सगळं पाणचट होतं. झाकण अडकलं तर कडेवर तळहाताने एक टप्पल. टेबलावर आपटू नकोस.

कॉकटेल्स दोनच कर. व्हिस्की सावर: व्हिस्की ४५, लिंबाचा रस २०, साखरेचा पाक २०. हलव, गाळून बर्फावर ओत. दुसरं कोकम-जिन: जिन ४५, कोकम सिरप ३०, लिंबू १०, वर सोडा, चिमूटभर जिरेपूड. हे ग्लासातच बनतं, शेकर लागत नाही. पाकासाठी एक वाटी साखर, एक वाटी कोमट पाणी, विरघळेपर्यंत ढवळ, झालं. उकळत बसू नकोस.

कोकम घेताना बाटली नीट वाच. आमच्याकडे आगळही मिळतो, तो खारट असतो, सोलकढीचा. गोड हवं, अमृत कोकम. एका लग्नात केटररच्या पोराने आगळाची जिन दिली होती. नवऱ्याचे मित्र बिचारे सभ्य, पिऊन टाकली.

तिसरा ग्लास बिनदारूचा हवाच. मे महिना आहे, पन्हं कर. सोड्यात घालून, कडेला तिखट-मीठ लावून, त्याच ग्लासात आणि तेवढ्याच थाटात द्यायचं. न पिणाऱ्याच्या हातात प्लॅस्टिकच्या कपातला कोला दिसला की लोक त्याच्या मागे लागतात.

गणित_कच्चं
मालाचा अंदाज मी देतो, ऑफिसच्या पार्ट्या करून करून हात बसलाय. तीस जण, प्रत्येकी तीन, म्हणजे नव्वद ग्लास. निम्मे बिअरवाले धरा. उरले ४५ ग्लास, प्रत्येकी ४५ मिली, म्हणजे दोन लिटरच्या आसपास. तीन खंबे (७५० मिलीच्या बाटल्या) पुरतात, चौथा न फोडता ठेवा. लिंबं साठ-सत्तर आणा, कागदी लिंबू जेमतेम १५ मिली रस देतं. रस त्याच दिवशी काढा, आदल्या रात्रीचा कडवट लागतो. बर्फ माणशी एक किलो. आणि चखणा म्हणून नुसते खारे शेंगदाणे नकोत. ते खाऊन तहान लागते आणि तहानेला माणूस ग्लासच उचलतो.

शेकर_नव्हे_शंकर
बर्फाचं राहिलं. लादीचा बर्फ टबात, बाटल्या गार करायला. ग्लासात पडणारा बर्फ वेगळा, पिण्याच्या पाण्याचा, वेगळ्या डब्यात, आणि त्यात चिमटा किंवा स्कूप. ग्लासानेच बर्फ उपसायचा नाही, कधीच नाही. काच टवकली तर तो तुकडा बर्फात दिसत नाही. डब्याजवळ ग्लास फुटला तर डबा अख्खा ओतून द्यायचा, पुसून नवीन बर्फ भरायचा. त्यात हळहळ नको.

कायद्याचं_बोला
फार्महाऊसवाला "आमच्याकडे सगळं चालतं" म्हणाला असेल, तर ते कानाआड करा. महाराष्ट्रात समारंभात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पिणाऱ्याकडेही परवाना हवा. विदेशी मद्याचा एक दिवसाचा वाइन शॉपमध्येच मिळतो. हार्ड ड्रिंक्ससाठी वय २५ पूर्ण, बिअर आणि वाइनसाठी २१. नवरीच्या मैत्रिणी बावीस-तेवीसच्या असतील तर व्हिस्की सावर त्यांच्यासाठी नाही. तारखेला ड्राय डे नाही ना, तेही बघा. आणि गोव्याहून कोणी "स्वस्तात आणतो" म्हणालं तर हात जोडा. तिथला माल परमिटशिवाय इथे आणणं गुन्हा आहे.

नवशिका_भाचा
बापरे, गोव्याचं बरं सांगितलंत. मावसभाऊ उराक आणणार होता, त्याला आत्ताच फोन केला. तो नाराज.

शेकर_नव्हे_शंकर
अवांतर: त्याला म्हणावं नाराज होऊ नकोस. उराक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार, फेणीच्या आधीची. हंगामात तिथेच बसून, लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून प्यायची गोष्ट आहे ती. कर्जतच्या उन्हात डिकीत उकळून आलेल्या उराकला काय अर्थ.

आता तुझा वडीलधाऱ्यांचा प्रश्न. तोंडावर "तुम्हाला जास्त झाली" असं कधीही म्हणायचं नाही. त्या वाक्याने जगात कोणी प्यायचं थांबलेलं नाही. आपण वेळ काढायचा. "काका, बर्फ संपलाय, आणायला पाठवलाय." "हे पाणी धरा तोवर." "सुरमई गरम आलीये, घ्या आधी." आवाज चढला, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सुरू झाली, ग्लास ठेवताना टेबलाचा अंदाज चुकला, की पुढचा ग्लास पंधरा मिनिटं लांबवायचा. त्याच्या पुढचा अर्धा तास. आणि बाटल्या टेबलामागे, पाहुण्यांच्या हाताला लागतील अशा नाहीत. एकदा "स्वतःच घ्या" झालं की तू बारवाला राहत नाहीस, ग्लास धुणारा होतोस.

अगदीच कोणी ऐकलं नाही तर त्याच्याच वयाचा, त्याच्याच तोलामोलाचा माणूस पुढे कर. भाच्याचं कोण ऐकतं?

पेशाने_डॉक्टर
थोडी भर घालते. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्यातल्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. आता ८ टक्क्यांची ६५० मिलीची कडक बिअर घ्या: ४० ग्रॅमच्या वर. म्हणजे "मी फक्त बिअर घेतो" म्हणणारा एका बाटलीत चार छोटे पेग घेत असतो. शक्यतो माइल्ड आणा, छोट्या बाटल्यांत. शरीर तासाला ढोबळमानाने एक छोटा पेग निस्तरतं. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, यांनी तो वेग वाढत नाही. कॉफीने झोपाळलेला पिणारा फक्त जागा होतो.

पाहुण्यांत मधुमेही असतीलच. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असताना उपाशीपोटी दारू घेतली की साखर झपकन खाली येते, आणि ती लक्षणं हुबेहूब झिंगल्यासारखी दिसतात. घाम, बरळणं, तोल जाणं. "चढली त्याला, झोपवा" म्हणून मोकळं होऊ नका, ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा.

कोणी खरंच आडवं झालं तर कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, मुद्दाम उलटी काढू नका. हाक मारून उठत नसेल, श्वास संथ किंवा तुटक चालला असेल, ओठ निळसर दिसले तर १०८.

कायद्याचं_बोला
त्या आकड्यांना जोडून: गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "दोनच घेतले"वाले यात सहज बसतात.

सुलोचनाची_सून
बाकी तज्ज्ञांनी सांगितलंच. आमच्या दिराच्या हळदीला सासूबाईंनी काय केलं ते सांगते. गेटजवळ एक स्टीलचा डबा घेऊन त्या स्वतः बसल्या. येणाऱ्या प्रत्येक गाडीची किल्ली डब्यात. "गाड्या लावायला जागा कमी आहे, मुलगा हलवेल." जागा भरपूर होती. निघताना किल्ली मागायला सासूबाईंसमोर उभं राहावं लागायचं, आणि त्या आधी तोंडाचा वास घ्यायच्या. एकही माणूस वाद घालायला गेला नाही. आदल्याच दिवशी सतरा सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर सांगून ठेवला होता, पिणारे सगळे त्यात.

नवशिका_भाचा
हे भारी आहे. आमच्याकडे आजी आहे, ८१ वर्षांची. वास घेण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

नवशिका_भाचा
(अपडेट)
काल रात्री हळद झाली. सगळे घरी पोचले, टेम्पोने.

मेजरची सवय कामाला आली. पहिल्या अर्ध्या तासात एकदम वीस जण टेबलावर आले तेव्हा हात कापत होते, पण ४५ म्हणजे ४५च ओतलं. डॉक्टर, बिअर माइल्डच आणली, "पाणी आहे हे" अशा तीन तक्रारी आल्या. पन्हं-सोडा सगळ्यात जास्त खपला, साडेनऊला संपला. एक ग्लास फुटला, बर्फाच्या डब्यापासून हातभरावर. शंकरदादा, डबा ओतून दिला. मामा ओरडला, ओरडू दिलं.

साखरपुड्यावाले काका आले होते. दोन झाल्यावर आले, "भर." मी म्हटलं, बर्फ आणायला पाठवलाय. ते टबाकडे बघत म्हणाले, "हा काय मग?" मी म्हटलं, तो बाटल्यांचा. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गेल्या वेळी खांबाला घासली ती गाडी अजून तशीच आहे रे," आणि स्वतःच पाण्याचा जग उचलला. किल्ली आजीकडे होतीच.

एक चुकलंच. पाक फारच जास्त केला. लिटरभर उरलाय, त्याचं काय करू?

सुलोचनाची_सून
थोडा आटव, वेलची घाल, गुलाबजाम सोड त्यात. आजीला दोन जास्त दे.