एकदा तरी खेळून पाहावेत असे व्हिडिओ गेम: ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या मेलिंग लिस्टवरची चर्चा

प्रेषक: मेधा
विषय: जुलैच्या सुट्टीतली दुपार, मोठ्यांसाठी गेम सुचवा

नमस्कार मंडळी,

शाळांना जुलैची सुट्टी लागली की एका रविवारी हॉलशेजारच्या छोट्या खोलीत टीव्ही आणि दोन कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं, लावायचे, असं कार्यकारिणीत ठरलं आहे. मुलांना विचारायची गरज नाही, त्यांची यादी केव्हाच तयार आहे. मला यादी हवी आहे ती मोठ्यांसाठी. ज्यांनी कधी कंट्रोलर (गेम खेळायचा बटणांचा ठोकळा) हातात धरलेला नाही अशा आई-बाबांनी, सासू-सासऱ्यांनी, काका-मावश्यांनी एकदा तरी खेळून पाहावेत असे गेम सुचवा. आणि का, तेही लिहा.

सुरुवात मी करते. माझा गेम 'अनपॅकिंग'. २०२१ साली आला, तोही आपल्याच देशात, ब्रिस्बेनच्या विच बीम या छोट्या स्टुडिओतून. यात काम एकच: घर बदललं आहे, खोकी उघडा आणि सामान लावा. पहिलं घर १९९७ मधलं, एका लहान मुलीची खोली. शेवटचं २०१८ मधलं. ती मुलगी पडद्यावर एकदाही दिसत नाही, कुणी काही बोलत नाही. कोणती वस्तू प्रत्येक घरात तिच्याबरोबर येते, कोणती मध्येच गायब होते, एवढ्यावरून तिचं आयुष्य उलगडत जातं.

२०१० सालचं घर सांगते. ती बॉयफ्रेंडच्या फ्लॅटवर राहायला आली आहे. त्याचं सामान आधीच ऐसपैस मांडलेलं. खोक्यातून तिच्या पदवीचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट निघतं. भिंतीवर लावावं तर जागा नाही. इकडे ठेवून बघा, तिकडे ठेवून बघा, सगळं सामान काढून झालं की चुकीच्या जागच्या फ्रेमभोवती लाल रेघ येते. शेवटी ते पलंगाखाली सरकवावं लागतं, आणि ते आपणच आपल्या हाताने सरकवतो. पुढचं घर २०१२ मधलं, आई-वडिलांकडचं. ती परत का आली हे कुणी सांगावंच लागत नाही.

आपल्यातल्या बहुतेकांनी बॅगांच्या वजनाचा हिशोब करत देश सोडला आहे. प्रेशर कुकर घ्यायचा की पुस्तकं, हा वाद घराघरात झाला आहे. म्हणून हा गेम आपल्या लोकांनी खेळावा असं मला फार मनापासून वाटतं. घाई नाही, घड्याळ नाही, हरणं नाही.

मेधा

---

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: जुलैच्या सुट्टीतली दुपार

मेधा,

कल्पना छान मांडली आहेस, पण मला स्पष्ट बोलू दे. माझा मुलगा आठवीत आहे. आमच्या घरी रोज संध्याकाळी गेमवरून वाद असतो. फोनवरच्या एका गेममध्ये बक्षिसाच्या पेट्या उघडायला त्याने माझ्या कार्डावरून पैसे घालवले, आणि पेटीत काय निघणार हे आधी कळतही नाही. याला मी जुगारच म्हणते. नाटक, गाणं, वाचन यासाठी मंडळाकडे येणारी मुलं आधीच कमी झाली आहेत. त्यात आपणच गेमची खोली उघडायची का? आणि वर मोठ्यांनाही त्यात ओढायचं?

अनघा

---

प्रेषक: ओंकार
विषय: उत्तर: उत्तर: जुलैच्या सुट्टीतली दुपार

अनघाताई,

तुमचा राग अगदी रास्त आहे. त्या पेट्यांना जुगार म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. २२ सप्टेंबर २०२४ पासून ऑस्ट्रेलियात नियमच झाला आहे की पैसे मोजून नशिबाची पेटी उघडायची सोय असेल तर त्या नव्या गेमला कमीत कमी 'एम' (पंधरा वर्षांखालच्यांसाठी नको) असा दर्जा द्यायचा, आणि जुगाराची हुबेहूब नक्कल असेल तर 'आर १८ प्लस', म्हणजे फक्त प्रौढांसाठी. पण 'एम' हा नुसता सल्ला आहे, पंधराच्या आतल्या मुलाला तो गेम विकायला त्याने बंदी होत नाही. तेव्हा कार्डाला कुलूप घरीच लावावं लागतं.

मात्र मेधाने सुचवला तसल्या गेमचा मामलाच वेगळा. एकदा किंमत मोजा, तीन-चार तासांत गेम संपतो, पुन्हा पैसे मागत नाही, रोज या म्हणून फोनवर घंटा वाजवत नाही. मी तर म्हणेन, मोठ्यांनी हे गेम खेळावेत ते याचसाठी. मुलाला नुसतं 'गेम बंद कर' म्हणण्यापेक्षा 'हा गेम लुबाडणारा आहे, तो गेम चांगला आहे' असं सांगता आलं, तर तो ऐकून तरी घेतो.

माझं नाव 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोप या एका माणसाने तो केला, २०१३ साली. देश काल्पनिक, अर्स्टोट्झ्का नावाचा. साल १९८२. तुम्ही सीमेवरचे तपासनीस. खिडकीसमोर लांबच लांब रांग. एकेक माणूस येतो, कागद सरकवतो. पासपोर्टची मुदत, फोटो, जन्मतारीख, देणाऱ्या शहराचं नाव, सगळं नियमांच्या पुस्तकाशी ताडून बघायचं आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. नियम रोज बदलतात. काल चालत होतं ते आज चालत नाही. पगार माणसांच्या संख्येवर. चूक झाली की लगेच बाजूच्या यंत्रातून चिठ्ठी सरसरत बाहेर येते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून पैसे कापतात. संध्याकाळी घरचा हिशोब समोर येतो: भाडं, जेवण, घर उबदार ठेवायचा खर्च, आणि घरात बायको, मुलगा, सासू, मामा. पैसे पुरले नाहीत की त्यातलं कुणीतरी आजारी पडतं.

मग एक दिवस एक गृहस्थ येतात. कागद चोख. शिक्का मारून घेताना म्हणतात, माझ्या मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा नीट वागा. ती पुढे येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नाही. परत पाठवलं तर मारतील म्हणून विनवते. मागे रांग तशीच, घड्याळ चालूच. तिला आत सोडायचं तर आजची एक ताकीद खर्ची पडणार, किंवा पगार कापला जाणार.

मी तो लाल शिक्का हातात घेऊन बराच वेळ तसाच बसलो होतो.

व्हिसाच्या रांगेत आपण सगळे उभे राहिलो आहोत. एका कागदाच्या झेरॉक्ससाठी परत फिरलेले आपल्यात कितीतरी असतील. हा गेम आपल्याला खिडकीच्या पलीकडे बसवतो, आणि नियमावर बोट ठेवणारा माणूस तसा का होतो हे आतून दाखवतो. त्याने माझा राग कमी झाला नाही, पण तो नेमका कुणावर काढायचा हे कळलं. शेवट वीस आहेत. मोठ्यांसाठीच ठेवा, काही प्रसंग मुलांसमोर नकोत. २०२२ पासून फोनवरही मिळतो.

ओंकार

---

प्रेषक: शरद
विषय: माझ्यासारख्यांचं काय?

सर्वांस सप्रेम नमस्कार.

चर्चा आवडीने वाचतो आहे. मी इंजिनिअर, तेव्हा माझं मत आधी टेट्रिसला. नव्वदच्या दशकात पुण्याला घरोघरी तो करडा ब्रिक गेम होता, '९९९९ गेम' असं वर छापलेला. त्यातला विटा रचायचा खेळ म्हणजे टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो इलेक्ट्रॉनिका ६० या यंत्रावर लिहिला. त्या यंत्राला चित्र काढता येत नव्हतं, फक्त अक्षरं उमटायची. म्हणून त्यांनी कंसाच्या खुणा जोडून चौकोन केले. चार चौकोनांचे सात आकार, झाला खेळ! साधनं तुटपुंजी असताना इतकी नेटकी रचना करणाऱ्या माणसाला मी मनापासून मानतो. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने निन्टेन्डोच्या जुन्या मशीनवरचा टेट्रिस खेळत खेळत १५७ व्या पातळीवर नेला, तेव्हा तो प्रोग्रॅमच गोठला. तोवर माणसाने त्याला तिथवर कधी नेलं नव्हतं.

पण आता बोटं तेवढी चपळ राहिली नाहीत आणि कंट्रोलरवरची बटणं मला बारीक वाटतात. टॅबवर सावकाश खेळता येईल असं काही आहे का? सौ.लाही विचारायचं आहे.

आपला,
शरद

---

प्रेषक: मेधा
विषय: उत्तर: माझ्यासारख्यांचं काय?

शरदकाका,

तुमच्यासाठी आणि काकूंसाठी 'फ्लोरेन्स'. आपल्या मेलबर्नचाच. माउंटन्स स्टुडिओ, २०१८. अर्ध्या-पाऊण तासात होतो आणि एका बोटाने खेळता येतो. फ्लोरेन्स नावाची मुलगी आणि क्रिश नावाचा चेलो वाजवणारा, भारतीय वंशाचा मुलगा, त्यांच्या प्रेमाची गोष्ट.

यातले संवाद बघा. शब्द एकही नाही. बोलण्याच्या फुग्यात तुकडे जुळवायचे. पहिल्या भेटीत तुकडे पुष्कळ असतात, काय बोलावं सुचत नसल्यासारखे. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात, शेवटी एकच उरतो, अलगद बसतो. पुढे भांडण होतं तेव्हा त्याच तुकड्यांच्या कडा धारदार होतात, आणि जो भराभर जुळवेल त्याचा आवाज चढतो. ते एकत्र राहायला लागतात तेव्हा फडताळावर तिचं काय राहील आणि त्याचं काय येईल, हेही आपणच ठरवायचं.

मेधा

---

प्रेषक: ईशान
विषय: हंस!!

नमस्कार, मी ओंकारकाकांचा पुतण्या, बारावीत आहे. आजी-आजोबा आणि नातवंडांनी मिळून खेळायला 'अनटायटल्ड गूज गेम' पाहिजेच. तोही मेलबर्नचा, हाउस हाउस स्टुडिओचा, २०१९. तुम्ही एक खोडकर हंस आहात आणि गावातल्या लोकांना त्रास द्यायचा. माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या, त्याची फावडी-दाताळी तळ्यात टाकायची, कुणी पाठ वळवली की मागे जाऊन केकाटायचं. २०२० पासून दोघांनाही एकत्र खेळता येतो, दोन हंस! एकाने माळ्याला भुलवायचं, दुसऱ्याने चोरी करायची. मागे पियानो वाजतो तो डेबुसी या फ्रेंच संगीतकाराचा. त्याचे बारीक बारीक तुकडे केले आहेत, हंस दबकत चालला की हळूच वाजतात आणि पळाला की जोरात. माझी आजी फक्त तेवढ्यासाठी हंसाला थांबवते आणि पळवते.

दुसरा 'आउटर वाइल्ड्स', २०१९ चा. हा मला सगळ्यात जास्त आवडलेला गेम आहे. तुमच्याकडे छोटं अंतराळयान आहे. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही परत सुरुवातीला येता. शस्त्र, पैसे, ताकद, काहीच जमवायचं नसतं. मागच्या फेरीत जे कळलं तेवढंच पुढे येतं. म्हणून हा गेम खऱ्या अर्थाने एकदाच खेळता येतो, कारण एकदा उत्तर कळलं की कळलं. त्यामुळे मी जास्त सांगत नाही आणि प्लीज कोणीही इंटरनेटवर वाचू नका.

ईशान

---

प्रेषक: रोहिणी
विषय: आपल्याकडचे गेमही हवेत

मंडळी, दोन नावं जोडते.

'राजी' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा, २०२० चा. राजी सर्कशीत कसरती करणारी, धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधत निघते. दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन. राजस्थानी हवेल्यांसारखे महाल, सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेल्या पुराणकथा, आणि मध्ये मध्ये गोल मंडलाचे तुकडे फिरवून चित्र पूर्ण करायचं. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये नव्या स्टुडिओंच्या पहिल्या गेमसाठीच्या नामांकनात तो होता. मारामारीचे काही भाग अडखळत चालतात, ते मी लपवणार नाही. तरी पुण्यात बसून कुणी हे केलं याचा मला अभिमान आहे, आणि इथल्या मुलींनी राजी बनून एकदा तरी पळून पाहावं.

आणि 'वेन्बा'. टोरंटोच्या विसाई गेम्सचा, २०२३ चा. तमिळ जोडपं कॅनडात येतं, मुलगा कविन तिथेच वाढतो. आईच्या पाककृतींची वही जुनी, काही ओळी पुसल्या गेलेल्या. इडलीपात्राच्या थाळ्या कशा फिरवून रचायच्या म्हणजे वाफ वरपर्यंत पोचेल, हे आपण शोधून काढायचं. पुढे मोठा झालेला कविन तीच वही उघडतो आणि त्याला तमिळ नीट वाचताच येत नाही. आपल्या मराठी शाळेच्या वर्गात बसणाऱ्या मुलांनी आणि त्यांना तिथे सोडून जाणाऱ्या आई-बाबांनी हा गेम शेजारी बसून खेळावा. दीड-दोन तासांत होतो. मला यादीतून एकच ठेवायला सांगितलं तर मी हाच ठेवीन.

रोहिणी

---

प्रेषक: शरद
विषय: फ्लोरेन्स

मेधा,

सौ. आणि मी काल रात्री फ्लोरेन्स पूर्ण केला. भांडणाच्या प्रसंगात मी मुद्दाम तुकडे जुळवायचे थांबवले. क्रिश बोलत राहिला, भांडण काही थांबलं नाही. सौ. म्हणाली, गप्प बसणं म्हणजे माघार घेणं नव्हे, हे या गेमवाल्यांना बरोबर कळलं आहे. त्यावर आमची मध्यरात्रीपर्यंत चर्चा झाली. शेवट मला पटला नाही, तिला पूर्ण पटला.

आता वेन्बाची वाट बघतो आहोत.

शरद

---

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: फ्लोरेन्स

मी खोलीला विरोध करत नाही, पण माझ्या अटी लिहून घ्या. ज्यात पैसे भरून पेट्या उघडतात असा एकही गेम तिथे नको. फोनवरचे गेम नकोत. आणि मुलाला खोलीत सोडून पालकांनी बाहेर चहाला जायचं नाही, शेजारी बसायचं. मी स्वतः वेन्बाला मुलाबरोबर बसेन.

अनघा

---

प्रेषक: मेधा
विषय: ठरलं

अनघाताई, तिन्ही अटी मान्य. फक्त फ्लोरेन्स शरदकाकांच्या टॅबवर असेल, तेवढी सूट द्या.

मोठ्या टीव्हीवर गूज गेम आणि राजी, दुसऱ्यावर वेन्बा आणि अनपॅकिंग. पेपर्स, प्लीज ओंकारच्या लॅपटॉपवर, कोपऱ्यात, फक्त मोठ्यांसाठी. आउटर वाइल्ड्स एका दुपारी होणारा नाही, तो ईशान ज्यांना हवा त्यांना घरी लावून देईल.

जास्तीचे दोन कंट्रोलर आणि एक लांब एचडीएमआय केबल कुणाकडे असेल तर कळवा. हॉलची किल्ली माझ्याकडे आहे, मी बारा वाजता उघडते.

मेधा