मदत हवी आहे: फायबरसाठी नवा मोडेम घ्यावा, राउटर बदलावा की मेश बसवावे?

नमस्कार मंडळी,

गेले दोन आठवडे याच विषयावर वाचते आहे, पण निर्णय होत नाही, म्हणून सविस्तर विचारते.

घर दुमजली आहे. फायबर खालच्या पुढच्या खोलीत येते. तिथे कंपनीने बसवलेला ओएनटी (फायबरचा मोडेम) आहे, वायफाय त्यातच. माझी कामाची खोली आणि आईची खोली दोन्ही वर, मागच्या बाजूला. मध्ये स्लॅब आणि दोन भिंती. मागच्या वर्षी पाइपातून वरपर्यंत कॅट ६ (नेटवर्कची) वायर ओढून घेतली. तिच्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर लावला आहे आणि माझा कॉम्प्युटर त्याला वायरने जोडला आहे.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा. ओएनटीजवळ उभे राहून फोनवर मोजले की ५ गिगाहर्ट्झवर २७० ते २९० मिळतात. वर तेच वायफाय कधी १५ देते, कधी दिसतही नाही. कॉम्प्युटरवर मात्र सकाळी मोजा की रात्री, ९३-९४. जुन्या राउटरचे वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचे आहे, आणि त्याच पट्ट्यात शेजारपाजारची पंधरा-वीस नेटवर्क दिसतात.

खरी अडचण आईची आहे. तिचे डॉक्टर दर पंधरवड्याला तिला व्हिडिओवर तपासतात. मागच्या वेळी कॉल तीनदा तुटला आणि पायाची सूज त्यांना नीट दिसलीच नाही. तेव्हाच ठरवले की हे आता नीट करून घ्यायचे.

ओएनटी कमी पडतोय का? स्वतःचा मोडेम आणून लावता येतो का? की तीन डब्यांचा मेश संच (घरभर ठेवून एकच वायफाय पसरवणारे डबे) घेऊ? वायफाय ६ पुरेल की ७ च घ्यावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, काहीही विकत घेण्याआधी त्या ९३-९४ च्या आकड्याकडे बघा. वेग कमी-जास्त न होता सतत तिथेच अडकत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी झाली आहे. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात साधारण ९४ च पदरात पडतात, बाकीचे पॅकेटच्या वेष्टनात जातात.

कारणे सहसा दोन. एक, राउटरचे पोर्टच १०० चे. दुसरे, वायरीची एखादी तार तुटलेली किंवा प्लगमध्ये नीट बसलेली नाही. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात, १०० ला दोन जोड्या पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार गेली की दोन्हीकडची उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालू राहते, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. वरची वायर राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावा आणि नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतो की १०० ते पाहा.

ओएनटीला मात्र हात लावू नका. डीएसएल, केबल आणि फायबर यांचे मोडेम एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फायबरमध्ये तर ओएनटीची कंपनीकडे नोंद असते, बाहेरून आणलेला लावला तर त्यांनी नोंदवून घेतल्याशिवाय चालू होत नाही. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसत असेल तर तेवढी बघून ठेवा. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या खाली गेली असेल तर लाइनची तक्रार करा. फायबर कुठे काटकोनात दुमडलेली नाही ना, तेही पाहा.

धागालेखिका

आजच करून पाहिले. थेट लॅपटॉपला लिंक १००० दिसली आणि वेग २८८ आला! म्हणजे वायर धडधाकट आहे. राउटर उलटा केला तर मागे १०/१०० असे छापलेले आहे. इतके दिवस माझा सगळा संशय कंपनीच्या मोडेमवर होता. ऑप्टिकल पॉवर उणे २१ आहे. आता वरच्या मजल्यासाठी मेश घेऊ की नको?

प्रतिसाद २

वरपर्यंत कॅट ६ आहे, म्हणजे अवघड काम तुम्ही आधीच केले आहे. तीन डब्यांची गरज नाही. बिनतारी मेशमध्ये मधला डबा एकाच रेडिओवर इकडचे ऐकतो आणि तिकडे सांगतो, त्यात वेग जवळपास निम्मा होतो. तुमच्याकडे तो प्रश्नच नाही.

सगळी पोर्टे गिगाबिटची असलेला एक वायफाय ६ राउटर घ्या आणि अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी) मोडमध्ये लावा, म्हणजे तो फक्त वायफाय देईल. सध्या ओएनटीही राउटरचे काम करतो आणि जुना राउटरही, म्हणजे दुहेरी नॅट (नेटवर्कच्या पत्त्यांची अदलाबदल दोनदा). कॉलच्या कटकटीत त्याचाही वाटा असू शकतो. एपी मोडमध्ये पत्ते वाटायचे काम एकट्या ओएनटीकडे राहते. वर-खाली नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, चॅनल मात्र वेगळे. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हेच एकमेकांत न मिसळणारे, त्यातले दोन घ्या. आईचा फोन ५ गिगाहर्ट्झवर असू द्या.

वायफाय ७ चा फायदा फोनही त्याचाच असेल तरच, आणि ६ गिगाहर्ट्झच्या लहरींना स्लॅब पार करणे आणखी जड जाते. खोक्यावरच्या एएक्स ३००० सारख्या आकड्यालाही भुलू नका, ती दोन्ही बँडची कागदावरची बेरीज आहे.

आणि एक, डॉक्टरांचा कॉल चालू असताना वीज गेली तर? ओएनटी आणि राउटर दोघांनाही छोटा डीसी यूपीएस लावा. घेताना दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, अंदाजाने नको.

धागालेखिका

मनापासून आभार. यूपीएसचे डोक्यातच आले नव्हते. पुढचा कॉल बुधवारी आहे, त्याआधी बसवते. एकच विचारायचे राहिले. खालून येणारी वायर नव्या राउटरच्या वॅन (बाहेरचे नेट आत घेणाऱ्या) पोर्टला लावायची की लॅनला (घरातल्या उपकरणांच्या पोर्टला)?

प्रतिसाद २

एपी मोड असेल तर बहुतेक राउटरमध्ये वॅनला लावली तरी चालते, पण माहितीपुस्तिका एकदा बघा. तो मोड नसेल तर आधी डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि राउटरला ओएनटीपेक्षा वेगळा पत्ता द्या. ओएनटी १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग वायर लॅनला लावा. मंगळवारीच एक कॉल करून बघा, आईच्याच खोलीतून.