दिवस लहान झाले की आई मिटून जाते, मदत हवी आहे
नमस्कार. तीन वर्षं बघतेय, दिवस लहान व्हायला लागले की आई मिटत जाते. एरवी पहाटे उठणारी बाई नऊ वाजले तरी पांघरुणात असते. विणकामाच्या सुया अर्ध्या ओळीतच अडकलेल्या. ऊन वाढलं की आपोआप माणसांत येते. १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल यांनी अशा ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं, हे वाचलंय. त्यावर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रखर दिव्यासमोर बसवतात. कोणी घरी वापरलाय का? तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून डोळ्यांची फार धास्ती वाटते. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर "मला काय धाड भरलीय?" म्हणते. तिला न दुखावता कसं तयार करू?